सरव्याची खीर

देवीदासला इंग्रजी कळत नव्हतं, म्हणूनच त्याला ते फार आवडायचं. रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सांभाळण्यात जन्म गेलेला माणूस. साहेबांच्या तोंडून जेवढं इंग्रजी कानावर पडलं तेवढ्यावर त्यानं ठरवून टाकलं होतं की ज्याला ही भाषा येते त्याला उन्हात उभं राहावं लागत नाही. रोज दिवेलागणीला तो अंगणात खाट टाकून बसायचा आणि दोन्ही नातवंडांना समोर उभं करायचा. धाकट्या सुनेचा अभिनव हात हलवत, मान डोलवत इंग्रजी कविता म्हणायचा. म्हाताऱ्याला त्यातलं 'रेन' सोडून काही समजायचं नाही, पण तो मांडीवर थाप मारून म्हणायचा, "वा रे माझ्या वाघा!"

मग थोरल्या सुनेची हर्षा सतराचा पाढा म्हणायची. हिंदीत, न अडखळता, एका दमात. तो पाढा म्हाताऱ्याला अथपासून इतिपर्यंत समजायचा.

"बरं बरं," तो म्हणायचा. "जाय, पाणी आन."

हे 'बरं बरं' चुलीपुढे बसलेल्या सुनिताला रोज झोंबायचं. हर्षा तिची पोरगी. पोरगी मुकाट्यानं तांब्या भरून न्यायची, आणि सुनिता हातातली भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकायची.

तसं पाहिलं तर दोन्ही शाळा सरकारीच होत्या. भिलाई-तीनच्या पुढे, रेल्वे लाइन ओलांडून आत आलं की परसाडीह लागतं. गावची शाळा तळ्याच्या पाळीवर. दोन खोल्या, एक ओसरी, एक हातपंप आणि मागे पत्र्याखाली मातीच्या चुली. दुसरी शाळा मोठ्या सडकेवर, सरकारी इंग्लिश मीडियम. रंगवलेल्या भिंती, टाय, बेल्ट, भिंतीएवढा टीव्ही. तिथं जागा थोड्या आणि पोरं फार, म्हणून नावं चिठ्ठीनं निघायची. पोरांच्या चिठ्ठ्या वेगळ्या, पोरींच्या वेगळ्या. हर्षा आणि अभिनव एकाच वयाचे. पहिलीच्या वेळेला दोघांच्याही चिठ्ठ्या पडल्या होत्या. अभिनवची निघाली, हर्षाची राहिली. यात कुणाचा गुण नव्हता की दोष नव्हता. पण घरात आलेलं भाग्य कुणी चिठ्ठीच्या नावावर ठेवत नाही. तिसरीत येईपर्यंत सगळे असंच बोलायला लागले होते की पोरगा हुशार म्हणून गेला.

धाकटी सून सुजाता तर अभिनवचा टाय रोज धुवायची. रोज धुण्याइतका तो मळतही नव्हता. धुऊन दोरीच्या मधोमध वाळत घालायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा. हर्षाचा फ्रॉक मग टोकाला, खांबाजवळ. सुनिता कधी कधी कपडे गोळा करताना टाय मुद्दाम दोरीवरच विसरायची, आणि दव पडून तो ओला झाला की तिला उगाच बरं वाटायचं. आपल्याला असं बरं वाटतं याची तिला लाजही वाटायची, पण ती नंतर.

सुनिता गावच्या शाळेत रसोइया होती. पोरांसाठी दुपारचं जेवण रांधायचं काम. तिच्या आधी तेच काम तिच्या सासूचं, भीमाबाईचं होतं. हे कुटुंब मूळचं भंडाऱ्याकडचं, बौद्ध. भीमाबाईनं पहिल्यांदा शाळेत चूल पेटवली तेव्हा गावातल्या काही घरांची पोरं डबे घेऊन आली होती. ती मात्र भात रांधत राहिली. पुढे एकेक डबा यायचा बंद झाला, आणि गुडघे गेल्यावर तिनं कलथा सुनिताला दिला तोवर गावातल्या तरण्या पोरांपैकी तिच्या हातचं न खाल्लेला शोधून सापडला नसता. गेल्या अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, ती वारली. शेवटचे महिने तिचं सगळं सुनितानंच केलं.

यंदा धान कापणीला आलं आणि आभाळ भरून यायला लागलं. अधियानं, म्हणजे निम्म्या वाट्यानं घेतलेल्या वावरात घरचे सगळे उतरले. शाळेतून चुली विझवून सुनिता परस्पर वावरात यायची. चिखल वाळलेला, पण खाली ओल. वाकून वाकून कंबर अशी धरायची की उभं राहताना आधी गुडघ्यावर हात टेकावा लागायचा. धानाची पाती दंडावर ओरखडे काढायची आणि घाम उतरला की ते चुरचुरायचे. सुजाता कापत होती, पण हातात मोजे घालून.

बांधावर विळ्यांना धार लावत बसलेल्या देवीदासनं विषय काढला.

"भीमाचं वरीस येऊन राहिलं. पुण्यानुमोदन घरी करू, भंतेजी येतीन. अन् दुसऱ्या दिवशी तिच्या नावानं शाळेत न्योता भोज देऊ म्हनतो."

न्योता भोज म्हणजे सरकारनं काढलेली रीत. वाढदिवस असो, कुणाची आठवण असो, गावातल्या कुणीही एक दिवस शाळेतल्या पोरांना आपल्याकडून जेवू घालायचं. सुनिताचा विळा थांबला. एवढं चांगलं म्हाताऱ्याला सुचेल असं तिला वाटलं नव्हतं.

"लय चांगलं होईन, मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली. " आमच्या शाळेतले पोट्टे अजून आत्याबाईचं नाव काढतेत."

"तुमच्या शाळेत नाही," देवीदास धारेवरून अंगठा फिरवत म्हणाला. "अभिनवच्या."

सुजातानं मान वर केली नाही, पण तिचे हात भराभर चालायला लागले.

"आत्याबाईनं तिथी पाय बी नाही ठेवला कधी," सुनिता म्हणाली.

"म्हनूनच तं! जलमभर त्या चुलीचा धूर खाल्ला तिनं. डोये गेले तिचे धुरानं. आता फोटो तरी एखाद्या चांगल्या जागी ठेवू दे. तिथी खुर्च्या आहेत, मॅडम भाषण करते, फोटो काढून मोबाइलवर टाकते. तुमच्या शाळेत कोन पाह्यते?"

"मंग दोन्हीकडे देऊ."

"दोन्हीकडे झेपत असतं तं बोललो नसतो का?" तो जरा थांबला. "अन् रांधाले तूच पायजे. एवढ्या लेकरायचं रांधनं सुजाताच्यानं होत नाही."

सुनिता खाली वाकली, हातात मावेना एवढी मूठ धरली आणि विळा ओढला. पातं करंगळीला लागलं. तिनं बोट तोंडात धरलं, पदराची चिंधी फाडून बांधली आणि पुन्हा वाकली. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

नवरा प्रेमानंद भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर निघत असतानाच तिनं त्याला गाठलं.

"तुमी बोला ना मामाजीले. माय तुमचीच होती."

"बुढ्याच्या तोंडाले कोन लागन?" सायकलची हवा बघत तो म्हणाला. "अन् काय फरक पडते? पोट्टेच जेवनार. इथले जेवो का तिथले जेवो."

"फरक कावून नाही पडत? उद्या हर्षानं विचारलं, आजीचं जेवन माझ्या शाळेत कावून नाही, तं काय सांगू?"

"ते नाही विचारत. समजदार आहे." असं म्हणून तो पायडल मारून गेला. पोरगी समजदार असली की सगळ्यांनाच सोयीचं असतं, असं सुनिताच्या मनात आलं. पण तोवर तो वळणाआड गेला होता.

हर्षानं खरंच विचारलं नाही. ती सरवा वेचण्यात गढली होती.

कापणी झालेल्या वावरात ज्या लोंब्या गळून पडतात त्या वेचायच्या, याला घरात सरवा म्हणायचे, गावात सिला. परसाडीहच्या शाळेत याची एक चाल होती आणि ती भीमाबाईनंच पाडलेली. गावात सगळे जाडं धान लावायचे, मंडीत जायचं ते. सुवासाचा दुबराज फक्त गावच्या पटेलच्या एका वावरात. तो कापून झाला की ढोरं सोडायच्या आधी पटेल शाळेतल्या पोरांना आत येऊ द्यायचा. पोरं लोंबी लोंबी वेचायची, शाळेच्या ओसरीवर पायांनी मळायची. रसोइया बाया तो तांदूळ काढून ठेवायच्या आणि कापणी संपली की त्याची खीर करायच्या. वर्षातून एकदा. पोरं दिवाळीपेक्षा त्या दिवसाची वाट बघायची, कारण ती खीर कुणी दिलेली नव्हती, त्यांनी स्वतः वेचलेली होती.

यंदा पावसाच्या भीतीनं पटेलनं घाई केली. पोरं उन्हातान्हात रांग धरून वाकली होती. हर्षानं ओढणीची झोळी केली होती. धसकटं टोचून तिच्या पोटऱ्यांवर बारीक लाल रेघा उठल्या होत्या. सुनिता बांधावरून बघत होती. शेजारी तिच्याबरोबर रांधणारी दुर्गा उभी होती, गावचीच, गावची बोली बोलणारी, तोंडानं फटकळ.

"तोर टुरी बने मिहनती हे," दुर्गा म्हणाली.

"काय कामाची मेहनत? नाव तं त्याचंच होते, टायवाल्याचं."

टायकडे एवढं टक लावून बघू नको, असं म्हणत दुर्गा हसली. "तैं वो टाई ला अतेक झन देख. आँखी फूट जाही."

तांदूळ निघाला तो पत्र्याचा एक डबा भरला. शाळेत उंदीर फार, म्हणून डबा सुनिताच्या घरी आला. हर्षानं तो स्वतः डोक्यावर आणला, कोपऱ्यात ठेवला, वर वीट ठेवली.

पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, भीमाबाईच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. पाहुणे गेल्यावर दुपारी न्योता भोजाचं सामान ओसरीवर मांडलं. डाळ, बटाटे, वाटाणे, तेल. दूध तेवढं सकाळी येणार होतं. खिरीसाठी देवीदासनं रेशनचा तांदूळ काढून ठेवला होता.

सुजातानं त्यात हात घातला, चार दाणे तळहातावर घेतले आणि नाक मुरडलं.

"मामाजी, याची खीर? त्या शाळेत साऱ्या घरचे लेकरं येतेत. शहरातल्या नेहरू नगरातून बदलून आलेल्या मॅडम आहेत. असा मोटा चावल पाहून काय म्हनतीन? अभिनवची बेइज्जती होईन."

"मंग खीरच नको करू," देवीदास म्हणाला.

"नाही नाही, मीठा तं पायजेच. मी मॅडमले बोलली ना." ती सुनिताकडे वळली. "दीदी, तुमाले सवय आहे याची, तुमच्या शाळेत हाच चालते. तिथी नाही चालत."

बोलणं साधं होतं. सुजाता वाईट मनानं बोलली असंही नाही. तिला खरोखर पोराच्या इभ्रतीची काळजी लागली होती. पण सुनिताच्या कानात तेवढंच राहिलं. आमच्या शाळेत चालते! चार वर्षं ज्या चुलीपुढे तिनं डोळे लाल केले, त्या चुलीवर जे शिजतं ते तिथं चालत नाही.

"कोनता चावल चालते तिथी?" तिनं विचारलं.

"बासमती म्हना, दुबराज म्हना. पन आता ऐन टायमाले कुठून आनता?"

सुनिता उठली. आत गेली. वीट काढली. झाकण उघडताच खोलीत वास पसरला. तिला डब्याशी वाकलेली हर्षा आठवलीच नाही असं नाही. आठवली. पण त्याच्या वर दुसरंच काही चढून बसलं होतं. उद्या त्या टायवाल्या पोरांनी, त्या खुर्चीवाल्या मॅडमनी बोटं चाटावीत आणि विचारावं, कुणी केली ही खीर? आणि सगळ्यांसमोर म्हाताऱ्याला सांगावं लागावं, परसाडीहच्या रसोइयानं. आपल्या पोरांना नंतर देऊ, तिनं मनाला सांगितलं. पटेलकडून मागून आणू. पटेलचं धान मिलमध्ये गेलं आणि वावरात ढोरं सुटली हे तिला पक्कं माहीत होतं.

तिनं डबा ओसरीवर आणून सुजातापुढे ठेवला.

"हा घे. चालन का?"

सुजातानं मूठ भरून वास घेतला. तिचा चेहरा खुलला. "अगा बाई! हा कुठला, दीदी?"

"वेचलेला."

हर्षा तेव्हा हातपंपावर होती.

सकाळी सुनिता इंग्लिश मीडियमच्या रसोईत उभी राहिली आणि आधी नुसती बघत राहिली. भिंतीला पांढऱ्या फरशा. गॅसच्या मोठ्या शेगड्या, हात फिरवला की पेटणाऱ्या. तोटी उघडली की पाणी. वर धूर ओढणारा पंखा, पण ओढायला धूरच नव्हता. तिच्या चुलीला ओलं लाकूड लागलं की फुंकून फुंकून छाती भरून यायची, दुर्गा आणि ती आळीपाळीनं बाहेर जाऊन खोकायच्या. हे सगळं एकाच सरकारचं. पोरीपायी वाटणारा हेवा आता उरला नव्हता, तिला तिथल्या बायांचा हेवा वाटत होता. त्या कुठल्या कोण, आज सुट्टीवर असलेल्या, त्यांच्या फुफ्फुसांचा.

सुजाता आत आली, पांढरी साडी, हातात भीमाबाईच्या फोटोचा हार. दाराशीच थांबली.

"दीदी, काही करू का?"

"तुझी साडी खराब होईन."

सुजाता गेली नाही. हाराच्या पाकळ्या सारख्या करत म्हणाली, "तुमाले वाटते मी मिरवून राहिली. मिरवू नाही तं काय करू? आत्याबाईनं कलथा तुमाले देला. शेवटी पानी बी तुमच्याच हातचं मांगलं. मले या घरात काय भेटलं, सांगा? हे एक पोरगं. त्याची एक चिठ्ठी."

सुनिता दूध ढवळत राहिली. सुजातालाही काही खुपत असेल हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण दूध वर आलं, तिनं गॅस बारीक केला, आणि तेवढ्यात बाहेरून सुजाताला हाक आली.

जेवण चांगलं झालं. डाळ, भात, बटाटा-वाटाणा, आणि खीर. मॅडमनी भाषणात 'स्वर्गीय भीमाबाई' म्हटलं तेव्हा देवीदासनं डोळे पुसले. पोरं खिरीसाठी पुन्हा पुन्हा ताटं पुढे करू लागली. मॅडमनी दुसऱ्यांदा वाटी घेतली आणि विचारलं, "ये किसने बनाई है? क्या खुशबू है!" देवीदासनं सुनिताला हात धरून पुढे आणलं, फोटोच्या शेजारी उभं केलं. "मेरी बडी बहू है, मॅडमजी. गाँव के स्कूल में रसोइया है." मोबाइल वर झाले. फोटो निघाले. सुनिता पदर सावरून उभी राहिली आणि तिला वाटलं, पाहा. सगळे पाहा.

परत येताना देवीदास म्हणाला, "सुनिता, आज भीमाच्या हातची चव आली वो. थेट तशीच."

एवढ्या वर्षांत म्हाताऱ्यानं तिच्या रांधण्याला नावं ठेवली नव्हती आणि नावाजलंही नव्हतं. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

संध्याकाळी म्हाताऱ्यानं खाट टाकली, पोरं समोर उभी राहिली. आज अभिनवला कविता म्हणायची नव्हती.

"आबाजी, आज तो सबने तीन-तीन बार खीर ली! मेरे दोस्त बोले, तेरी बडी मम्मी रोज आयेगी क्या? वो दुबराज वाली थी ना, बडी मम्मी?"

हर्षानं पाढा सुरू केला होता. सतरा चोक अडुसष्टपाशी ती थांबली. तिनं आत बघितलं, कोपऱ्याकडे. डबा तिथंच होता, पण वीट बाजूला पडली होती. ती आत गेली. झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि लावल्याचा. मग ती बाहेर आली, जिथं थांबली होती तिथून पुढे पाढा म्हणाली आणि न सांगता म्हाताऱ्यासाठी पाणी आणायला गेली.

"हर्षा," सुनितानं हाक मारली. "अगं, मी पटेलकडून..."

"हो," हर्षा म्हणाली. तांब्या भरत राहिली. एवढ्या एका शब्दावर सुनिताचा दिवसभराचा फुगलेला आनंद खाली बसला. रागावली असती, रडली असती, तर समजूत घालता आली असती.

सकाळी उठल्या उठल्या सुनिता पटेलकडे गेली. पटेलीण अंगण झाडत होती. "दुबराज त कब के बेचा गे," ती म्हणाली. "काबर? तुँहर मेर त लइकामन के सिला हावय न?" पोरांचा सरवा तुमच्याकडेच आहे ना, या प्रश्नावर सुनिता तशीच शाळेकडे वळली.

शाळेत दुर्गानं चूल पेटवून ठेवली होती. सुनितानं तिला सगळं सांगितलं. सांगताना आपणच आपल्याला ऐकतो आहोत असं तिला वाटलं, आणि ऐकायला ते फार वाईट होतं. दुर्गा फटकळ खरी, पण आज तिनं नुसतं लाकूड आत सारलं, खोकली, आणि डाळीत पाणी ओतलं.

पोरं ओसरीवर रांगेनं बसली. शाळेत दोन दिवस खिरीचीच बोलणी चालू होती, कारण ओमप्रकाश गुरुजींनीच सांगितलं होतं की या आठवड्यात होईल. सुनिता डाळीची बादली घेऊन बाहेर आली तसा पहिला पोरगा उठून उभाच राहिला.

"रसोइया दाई, हमर सिला के खीर आज चुरही का?"

खीर आज शिजणार का, हे ऐकायला सगळी तोंडं वर झाली. सुनिताच्या हातात बादली जड झाली. दारात गुरुजी उभे होते.

"कीरा लग गे," हर्षा म्हणाली. ती रांगेत शेवटी बसली होती. थाळीकडे बघत, पाढा म्हणावा तशा एका सुरात तिनं सांगितलं की कीड लागली, फेकावं लागलं. "डब्बा में कीरा लग गे रिहिस. फेंके ला परिस."

"सब्बो?"

"सब्बो."

पोरं हिरमुसली. कुणी म्हणालं, अरेरे. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी मिठाच्या मडक्यात ठेवू. कुणालाही खोटं वाटलं नाही. हर्षाचं कुणाला खोटं वाटतच नसे. सुनिता बादली घेऊन तशीच उभी राहिली. सरवा वेचतानाच्या धसकटांच्या रेघा पोरीच्या पोटऱ्यांवर अजून लाल होत्या. या पोरीची कुणी वाहवा करावी म्हणून आपण जळत होतो, आणि हिला आपल्यासाठी खोटं बोलावं लागलं. सुनिताला स्वतःची एवढी किळस कधी वाटली नव्हती.

तिनं बादली खाली ठेवली.

"कीरा नइ लगे रिहिस," ती म्हणाली. पोरांना कळावं म्हणून त्यांच्याच बोलीत, अडखळत, त्यांचा तांदूळ काल सडकेवरच्या पोरांना खाऊ घातल्याचं तिनं सांगून टाकलं. "तुँहर चाउर मैं ले गेंव. काली, सड़क वाला इस्कूल में. ओमन ला खीर खवायेंव."

दुर्गा चुलीपासून उठून दाराशी आली. गुरुजींनी चष्मा काढला, पुन्हा लावला. हर्षानं पहिल्यांदा मान वर करून आईकडे बघितलं.

पुढच्या रांगेत पहिलीतली एक पोरगी बसली होती, अजून नीट बोलताही न येणारी. तिनंही मूठभर लोंब्या वेचल्या होत्या. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती पोरं उपाशी होती की काय, एवढीच तिला काळजी वाटली.

"ओमन भूखे रिहिन का, दाई?"

"नाही वो," सुनिताच्या तोंडून मराठीच निघालं. "त्यायचे पोट भरलेलेच होते."

"त फेर काबर?"

मग कशाला, याचं उत्तर सुनिताजवळ होतं. एका शब्दाचं होतं, मिरवायला. पण त्या पोरीकडे बघून ते तोंडाबाहेर पडेना. ती तशीच वाकून राहिली, हातात डाव, डोळ्यांत पाणी, आणि मागे चुलीचा धूर ओसरीवर यायला लागला.

हर्षानं आपली थाळी पुढे सरकवली.

"वाढ ना, मम्मी," ती म्हणाली. "भुका लागल्या आहेत साऱ्यायले."